विश्लेषण : वादळाची खबर हॅम रेडिओवरून हवामान कार्यालयापर्यंत कशी पोहोचते? या साखळीचा पाया रचणारे हायरम पर्सी मॅक्सिम कोण होते?

अमेरिकेच्या मध्य भागात दरवर्षी वसंत ऋतूत गारपीट, वादळी वारे आणि टोर्नेडोंचा हंगाम सुरू होतो. आकाश काळवंडले की अनेक गावांतले सामान्य नागरिक हातात छोटा रेडिओ संच घेऊन ढगांवर नजर ठेवतात आणि जे दिसेल ते जवळच्या हवामान कार्यालयाला कळवतात. या कामाचे त्यांना एक पैसाही मानधन मिळत नाही. वीज गेली, मोबाइल टॉवर कोलमडले, तरी त्यांचे काम थांबत नाही. या संदेशसाखळीमागची मूळ कल्पना मात्र कोणा हवामानतज्ज्ञाची नाही. मशीनगनच्या जनकाच्या मुलाला १९१४ मध्ये एक छोटीशी खरेदी करायची होती, तेव्हा त्याला ती सुचली. त्या अभियंत्याचे नाव हायरम पर्सी मॅक्सिम.

रडार असताना माणसाच्या नजरेची गरज काय?

रडारचा किरण जवळपास सरळ रेषेत जातो, पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र गोलाकार आहे. त्यामुळे अंतर वाढत जाते तसा किरण जमिनीपासून उंच जाऊ लागतो. रडारपासून १०० किलोमीटरवर सर्वात खालचा किरणही सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. ढगाच्या पोटात हवा गरगर फिरत असल्याचे रडारला तिथे कळते. पण तो फिरता खांब जमिनीला टेकला का, गारा लिंबाएवढ्या पडताहेत की हरभऱ्याएवढ्या, रस्त्यावर पाणी किती चढले, हे खाली उभ्या असलेल्या माणसालाच दिसते.

म्हणजे पाहणारा माणूस हवा. पण नुसते पाहून भागत नाही. त्याने पाहिलेले काही मिनिटांत योग्य माणसाच्या कानावर गेले पाहिजे, आणि ते जसेच्या तसे गेले पाहिजे. दिसणे आणि पोहोचणे यांच्यातली ही दरी कशी भरून काढायची, या प्रश्नाने मॅक्सिम यांना आयुष्याची शेवटची २२ वर्षे गुंतवून ठेवले.

मॅक्सिम घराणे कोणते?

हायरम पर्सी मॅक्सिम यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे झाला. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे हरहुन्नरी संशोधक. विजेच्या दिव्यांपासून वाफेच्या यंत्रांपर्यंत अनेक गोष्टींत त्यांनी डोके घातले. पर्सी बारा वर्षांचा असताना, १८८१ मध्ये वडील कामासाठी युरोपला गेले आणि पुढे लंडनमध्येच स्थायिक झाले. तिथे त्यांनी १८८४ च्या सुमारास आपोआप गोळ्या झाडणारी मशीनगन तयार केली. वसाहतींमधील युद्धांत आणि नंतर पहिल्या महायुद्धात तिने केलेला संहार सर्वश्रुत आहे. ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला. अमेरिकेत राहिलेल्या कुटुंबाच्या वाट्याला मात्र ते फारसे आले नाहीत.

मुलाने वडिलांची यंत्रांची आवड उचलली. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून, म्हणजे एमआयटीतून, तो १८८६ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडला तेव्हा सतरावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते. पुढे लिन या गावातील तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी करताना तो पेट्रोलवर चालणारे इंजिन तिनचाकीवर बसवण्याचे प्रयोग करत असे. तोवर अशी इंजिने बहुतेकांनी पाहिलेलीही नव्हती. या खटाटोपामुळे १८९५ मध्ये हार्टफर्ड येथील पोप कंपनीने त्यांना बोलावून घेतले. सायकलींसाठी नावाजलेली ही कंपनी आता मोटारींकडे वळत होती. तिथे मॅक्सिम यांनी विजेवर चालणाऱ्या गाड्या घडवण्याचे काम केले. कनेटिकट राज्याची राजधानी असलेले हार्टफर्ड हेच पुढे त्यांचे कायमचे गाव झाले.

सायलेन्सरपासून रेडिओपर्यंत प्रवास कसा झाला?

वडिलांनी जगातील सर्वात गोंगाटी शस्त्रांपैकी एक तयार केले, तर मुलाने बंदुकीचा आवाज दाबणारे साधन शोधले. गोळीमागून सुटणारा वायू एकदम बाहेर पडतो म्हणून मोठा आवाज होतो. तो वायू नळीच्या टोकाला बसवलेल्या कप्प्यांत फिरवून मंदावला तर आवाज बराच कमी होतो. या सायलेन्सरचे पेटंट मॅक्सिम यांना १९०९ मध्ये मिळाले. हेच तत्त्व इंजिने आणि कारखान्यांतील यंत्रांचा आवाज कमी करण्यासाठीही वापरता येते, हे ओळखून त्यांनी कंपनीचे काम हळूहळू त्या दिशेला वळवले. पैशांची चिंता मिटली. आता छंदाला वेळ मिळू लागला.

तो छंद घरात मुलाच्या निमित्ताने शिरला. त्या काळी हजारो शाळकरी मुले तारेची वेटोळी, काचेच्या बरण्या आणि विजेची ठिणगी पाडणारी उपकरणे जमवून घरीच बिनतारी संदेशाची यंत्रे बनवत. या यंत्रांवरून बोलता येत नसे. कट्ट-कडकट्ट अशा मोर्स लिपीतूनच संदेश जात. मॅक्सिम आणि त्यांचा मुलगा दोघेही त्यात रमले.

पण हे हौशी लोक तेव्हा सरकारच्या नजरेत खटकत होते. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हवेत संदेशांची इतकी गर्दी झाली की खरे-खोटे कळेना. सर्व प्रवासी सुखरूप असल्याची खोटी बातमीही पसरली. त्या गोंधळाचे खापर हौशी मंडळींच्या माथी फुटले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने त्यांना परवाना सक्तीचा केला, यंत्राची शक्ती १ किलोवॉटपर्यंत मर्यादित केली आणि २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरींवर ढकलून दिले. या लहरी तेव्हा निरुपयोगी समजल्या जात. हौशी रेडिओ आपोआप संपेल, असा अनेकांचा होरा होता.

१९१४ च्या एप्रिलमध्ये नेमके काय घडले?

जानेवारी १९१४ मध्ये हार्टफर्डमध्ये रेडिओ क्लब सुरू झाला. त्यात ४४ वर्षांचे मॅक्सिम होते आणि १७ वर्षांचा क्लॅरेन्स टस्काही होता. वयातले अंतर त्यांच्या मैत्रीच्या आड आले नाही.

एप्रिलमध्ये मॅक्सिम यांना ऑडिऑन नावाची नळी विकत घ्यायची होती. क्षीण लहरी स्पष्ट ऐकू येण्यासाठी ती उपयोगी पडे, पण सहजासहजी मिळत नसे. स्प्रिंगफील्ड गावातील एका हौशी चालकाकडे ती विक्रीला असल्याचे त्यांना समजले. हार्टफर्डपासून स्प्रिंगफील्ड चाळीसेक किलोमीटरवर आहे. मॅक्सिम यांचे यंत्र कायद्याने परवानगी दिलेल्या कमाल शक्तीचे होते. तरीही रात्री कितीदा हाक घातली तरी स्प्रिंगफील्डहून उत्तर येईना.

तेव्हा त्यांना वाटेवरच्या विंडसर लॉक्स गावातील एका चालकाची आठवण झाली. त्याच्याशी संपर्क झाला. त्याने मॅक्सिम यांचा निरोप स्प्रिंगफील्डला कळवला, तिथले उत्तर हार्टफर्डला दिले आणि व्यवहार ठरला.

दुसऱ्या कोणी ही गोष्ट नशिबावर घालून सोडून दिली असती. मॅक्सिम यांनी तिच्यात पुढचा मार्ग पाहिला. एकट्या यंत्राला जे अंतर झेपत नाही ते मधल्या माणसांच्या भरवशावर कापता येते. मग अशी माणसे देशभर नेमून, कोण कोणाला ऐकू शकतो याची यादी करून, कोणाचाही निरोप कुठेही का पोहोचवू नये? क्लबच्या बैठकीत त्यांनी हा विचार मांडला आणि अमेरिकन रेडिओ रिले लीगची स्थापना झाली. नावातला रिले हा शब्द महत्त्वाचा. धावण्याच्या रिले शर्यतीत जशी काठी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तसा निरोप. पहिले अध्यक्ष मॅक्सिम, सचिव टस्का. काही महिन्यांतच दोनशेहून अधिक केंद्रे या साखळीत आली.

साखळी खरेच चालली का?

चालली आणि वेगाने वाढली. डिसेंबर १९१५ मध्ये लीगचे क्यूएसटी हे मासिक सुरू झाले. २२ फेब्रुवारी १९१६ रोजी, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीच्या दिवशी, सर्व राज्यांच्या गव्हर्नरांच्या नावे एक संदेश साखळीत सोडण्यात आला. तासाभरात तो ३४ राज्यांत पोहोचला. फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेला संदेश लॉस एंजेलिसला जाऊन त्याचे उत्तर १ तास २० मिनिटांत परत आले. मध्ये ठिकठिकाणी माणसे झोप मोडून बसली होती आणि त्यांना त्या संदेशाशी काही देणेघेणे नव्हते.

इथेच मॅक्सिम यांच्या कामाचे मर्म आहे. माणूस स्वतःच्या हौसेखातर रात्र जागवेल, पण परक्याचा निरोप एक अक्षरही न बदलता पुढे देण्यासाठी शिस्त लागते. ही शिस्त पगार देऊन आणता येत नव्हती. मॅक्सिम यांनी ती थट्टेतून आणली. क्यूएसटीमध्ये म्हातारबुवा अशा अर्थाच्या टोपणनावाने ते खुसखुशीत लेख लिहीत. हवेत उगाच गर्दी करणारे, दुसऱ्याचे बोलणे तोडणारे, अर्धवट ऐकून पुढे ठोकून देणारे यांची त्यात यथेच्छ खिल्ली असे. बेशिस्त चालकांना शासन करण्यासाठी त्यांनी वूफ-हाँग नावाचे एक काल्पनिक हत्यारही रंगवले आणि १९१९ मध्ये त्याचा लाकडी नमुना लीगच्या कार्यालयात पाठवून दिला. हा म्हातारबुवा कोण, याची चर्चा वर्षानुवर्षे रंगली. ते लीगचे अध्यक्षच होते, हे जगाला त्यांच्या मृत्यूनंतर कळले.

युद्धानंतर हौशी रेडिओ संपण्याच्या बेतात का होता?

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सर्व हौशी केंद्रे बंद करून अँटेना उतरवण्याचा आदेश निघाला. परवानाधारकांची संख्या तेव्हा सहा हजारांच्या आसपास होती. त्यांतले हजारो जण लष्करात आणि नौदलात रेडिओचालक म्हणून भरती झाले. लीगचे काम थंडावले, मासिक बंद पडले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, पण बंदी उठली नाही. उलट सर्व बिनतारी दळणवळण कायमचे नौदलाच्या ताब्यात देणारे विधेयक अमेरिकी काँग्रेससमोर आले. ते मंजूर झाले असते तर हौशी रेडिओ तिथेच संपला असता. मॅक्सिम डिसेंबर १९१८ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे उभे राहिले. युद्धात नौदलाला ऐनवेळी तयार रेडिओचालक मिळाले ते याच पोरांमधून, हा मुद्दा हौशी मंडळींच्या बाजूने होता. दुसरीकडे लीगच्या सभासदांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना पत्रे पाठवण्याचा सपाटा लावला. विधेयक बारगळले. तरीही प्रक्षेपणावरील बंदी उठायला ऑक्टोबर १९१९ उजाडावा लागला.

त्यानंतर निरुपयोगी म्हणून पदरात टाकलेल्या आखूड लहरींनीच चमत्कार केला. डिसेंबर १९२१ मध्ये लीगने पॉल गॉडली या तज्ज्ञाला स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पाठवले. समुद्रकिनारी तंबू ठोकून त्यांनी अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधील हौशी चालकांत १०० मीटरच्या आसपासच्या लहरींवर दुतर्फा संभाषण झाले. लहरींची लांबी कमी केली की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन त्या थेट दुसऱ्या खंडात उतरतात, हे यातून लक्षात आले. १९२५ मध्ये पॅरिस येथे विविध देशांच्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन केला. त्याचे पहिले अध्यक्षही मॅक्सिमच झाले.

आपत्ती आणि हॅम यांचे नाते कधी जडले?

मार्च १९१३ मध्ये ओहायो आणि आसपासच्या राज्यांत महापूर आला आणि तारयंत्राच्या तारा तुटल्या, तेव्हा काही हौशी केंद्रांनी निरोप पोहोचवण्याचे काम केले होते. तेव्हा लीग नव्हती. जे झाले ते ज्याच्या त्याच्या बुद्धीने झाले. पुढच्या वीस वर्षांत साखळी देशभर पसरली आणि प्रत्येक पुरात, वादळात तिचा उपयोग दिसू लागला. १९३५ मध्ये लीगने आपत्तीसाठी स्वतंत्र हौशी पथकाची नोंदणी सुरू केली. कोणाकडे बॅटरीवर चालणारा संच आहे, कोण किती वेळात तयार होऊ शकतो, याची आधीच नोंद ठेवणे हा त्यामागचा हेतू.

त्यानंतर वर्षभरातच मॅक्सिम गेले. फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या रेल्वेत ते आजारी पडले. कोलोरॅडोतील ला हुंटा येथे त्यांना उतरवून रुग्णालयात नेण्यात आले. तिथेच १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. वय ६६. वडिलांच्या विक्षिप्त स्वभावाच्या आठवणी सांगणारे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

त्यांच्या मृत्यूला महिना होतो न होतो तोच, मार्च १९३६ मध्ये ईशान्य अमेरिकेत महापूर आला. कनेटिकट नदी हार्टफर्ड शहरात घुसली. नदीकाठच्या विमानतळावरील लीगचे स्वतःचे प्रक्षेपण केंद्र त्यात नष्ट झाले. संस्थापक गेला आणि केंद्रही गेले, पण ठिकठिकाणचे हौशी चालक पूरग्रस्त गावांचे निरोप पोहोचवत राहिले. एक दुवा निखळला तरी बाकीच्यांनी वाट काढायची, ही मॅक्सिम यांची शिकवण त्यांच्या पश्चात अशी कसाला लागली.

१९३८ च्या चक्रीवादळाने काय दाखवून दिले?

लीगने हार्टफर्डजवळच्या न्यूइंग्टन येथे नवे केंद्र बांधले. मॅक्सिम यांची कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू अशी होती. तीच या केंद्राला देण्यात आली. २ सप्टेंबर १९३८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, केंद्राचे लोकार्पण झाले.

अवघ्या १९ दिवसांनी, २१ सप्टेंबरला दुपारी प्रचंड चक्रीवादळ लाँग आयलंडवर आदळले आणि कनेटिकटमधून उत्तरेला घुसले. सहाशेहून अधिक बळी गेले. वादळ समुद्रातच वळेल, असा वॉशिंग्टनमधील हवामान कार्यालयाचा अंदाज होता. तेव्हा उपग्रह नव्हते, हवामानाची रडार नव्हती. समुद्रावरील वादळाचा ठावठिकाणा जहाजांनी पाठवलेल्या संदेशांवरूनच लागे, आणि त्या दिवशी असे संदेश फारच तुटपुंजे होते. किनाऱ्यावरच्या लोकांना वादळाची खबर वादळानेच दिली. तारा तुटल्यावर बाहेरच्या जगाशी संपर्क ठेवण्याचे काम पुन्हा हौशी चालकांनी केले. पण तोवर वादळ येऊन गेले होते. निरोप पोहोचवणारी माणसे तयार होती, पाहून वेळेवर सांगणाऱ्यांची व्यवस्था नव्हती.

टोर्नेडोंबाबत तर परिस्थिती याहून विचित्र होती. लोक घाबरतील या भीतीने अमेरिकेच्या अधिकृत अंदाजांतून टोर्नेडो हा शब्दच १८८० च्या दशकात हद्दपार झाला होता. ही बंदी १९३८ मध्ये उठली. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांभोवती विजा आणि वादळे टिपण्यासाठी निरीक्षक नेमण्यात आले. ११ एप्रिल १९६५ रोजी, पाम संडेच्या दिवशी, मध्य-पश्चिमेतील सहा राज्यांत टोर्नेडोंनी अडीचशेहून अधिक बळी घेतले. इशारे देण्यात आले होते, पण अनेक ठिकाणी ते लोकांपर्यंत गेलेच नाहीत. त्यातून धडा घेऊन नागरिकांना प्रशिक्षण देणारी स्कायवॉर्न ही योजना १९७० च्या सुमारास आकाराला आली. मॅक्सिम यांची साखळी आणि वादळ पाहणारी नजर आता एकत्र आली.

आज खबर नेमकी कशी जाते?

स्कायवॉर्नमध्ये आज साडेतीन ते चार लाख प्रशिक्षित निरीक्षक आहेत. त्यांपैकी बरेच हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक आहेत. त्यांच्या कामाचे टप्पे साधारण असे:

पहिला टप्पा प्रशिक्षणाचा. हवामान कार्यालयातील तज्ज्ञ काही तासांचा वर्ग घेतात. ढगाच्या तळाशी लोंबणारा भाग खरोखर फिरतोय की वाऱ्याने नुसता फाटलेला ढग आहे, लांबून खांबासारखी दिसणारी पावसाची सर कोणती आणि खरा टोर्नेडो कोणता, हे ओळखायला शिकवले जाते.

दुसरा टप्पा जमण्याचा. वादळाची शक्यता दिसली की ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर नेट, म्हणजे हवेतली सभा सुरू होते. स्थानिक पातळीवर बहुधा १४४ ते १४८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. उंच जागी बसवलेले रिपीटर छोट्या संचाचा आवाज पकडून दूरवर पुन्हा प्रक्षेपित करतात. विंडसर लॉक्सच्या चालकाचे काम आता हे यंत्र करते. त्याला बॅटरीचा किंवा जनरेटरचा आधार असतो.

तिसरा टप्पा शिस्तीचा. सभेचे सूत्रसंचालन नेट कंट्रोल नावाचा एक चालक करतो. त्याने बोलावल्याशिवाय कोणी बोलत नाही. तातडीची खबर असलेल्याला आधी वाट मिळते. काहीच दिसत नसेल तर गप्प राहायचे.

चौथा टप्पा खबरेचा. निरीक्षक आपली कॉलसाइन सांगतो, मग आपण कुठे आहोत, कोणत्या दिशेला पाहतोय, किती वाजता काय दिसले. गार किमान एक इंचाची, म्हणजे अडीच सेंटिमीटरची असेल, वारा ताशी ९३ किलोमीटरच्या पुढे असेल, ढग फिरताना दिसला असेल, पाणी वेगाने चढत असेल किंवा पडझड झाली असेल तरच कळवायचे. वाऱ्याचा वेग यंत्राने मोजला की झाडांच्या हालचालीवरून ताडला, हेही सांगायचे. दुसऱ्याकडून ऐकलेले असेल तर ते ऐकीव आहे, असे स्पष्ट करायचे.

पाचवा टप्पा निर्णयाचा. अनेक हवामान कार्यालयांत हॅम केंद्र असते. तिथला स्वयंसेवक खबर टिपून बाजूच्या तज्ज्ञाला देतो. तज्ज्ञ ती रडारच्या चित्राशी ताडून पाहतो आणि इशारा द्यायचा की नाही ते ठरवतो. लोकांना इशारा देण्याचा अधिकार निरीक्षकाचा नसतो.

चक्रीवादळांसाठी अशीच यंत्रणा मोठ्या पल्ल्यावर चालते. १९६५ पासून १४.३२५ मेगाहर्ट्‌झवर भरणाऱ्या हरिकेन वॉच नेटमध्ये कॅरिबियन बेटांवरील चालक वाऱ्याचा वेग आणि हवेचा दाब कळवतात. मायामीतील राष्ट्रीय हरिकेन केंद्रात १९८० पासून स्वयंसेवकांचे हॅम केंद्र ती माहिती तज्ज्ञांपर्यंत पोहोचवते.

भारतात हॅमचा उपयोग कधी झाला?

आपल्याकडे हॅम मंडळींचे काम प्रामुख्याने आपत्ती येऊन गेल्यानंतरच्या दळणवळणात दिसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळानंतर, २००१ च्या भूज भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर हॅम चालकांनी संदेश पोहोचवण्याचे काम केले. परवाना केंद्रीय दूरसंचार खात्याकडून परीक्षा देऊन मिळतो. त्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे. भारतीय कॉलसाइन व्ही-यू या अक्षरांनी सुरू होते.

मोबाइलच्या काळात या साखळीचे महत्त्व काय?

आज कोणीही वादळाचा व्हिडीओ काढून क्षणात जगभर पाठवू शकतो. पण तो कधीचा, कुठला, कोणत्या दिशेचा, हे बहुतेकदा कळत नाही. जुन्या पुराचे चित्रण नव्या पावसात फिरू लागते. टायटॅनिकच्या वेळी हवेत झाला तसाच गोंधळ आता हातातल्या पडद्यावर होतो. नावानिशी, वेळेनिशी, मोजलेले आणि ऐकलेले वेगळे करून दिलेली एक ओळ अशा वेळी तज्ज्ञाला अधिक उपयोगी पडते.

मॅक्सिम यांनी हवामानाचे शास्त्र शिकले नव्हते आणि स्कायवॉर्न हे नावही त्यांच्या हयातीत नव्हते. निरोप आपला नसला तरी तो नीट पुढे देणे हे आपले काम आहे, एवढीच सवय त्यांनी हजारो हौशी लोकांना लावली. न्यूइंग्टनचे केंद्र आजही त्यांच्याच कॉलसाइनवर मोर्स लिपीचा सराव आणि बातमीपत्रे प्रसारित करते. वसंतात ढग दाटून आले की नेट कंट्रोल हजेरी घेऊ लागतो आणि गावोगावचे निरीक्षक आपापली पाळी येईपर्यंत गप्प राहून आकाशाकडे पाहत असतात.